राख जाते कुठे? सातारा-सांगलीच्या चुलवाणापासून पेलेटपर्यंत

आजचा भाग राखेवर आहे. हो, राखेवरच. खरं तर पेलेटवर करायचा होता. पण वाचायला बसलो आणि लक्षात आलं, की पेलेटबद्दल सगळे भरभरून बोलतात, किती टन, किती मेगावॉट, किती कोळसा वाचला, आणि जळून झाल्यावर खाली जे उरतं त्याला जेमतेम एक ओळ मिळते. आम्हा कोड लिहिणाऱ्यांना नोकरीच्या पहिल्या वर्षीच सांगतात, की फंक्शन काय परत देतं ते बघा आणि जाता जाता मागे काय सोडतं तेही बघा. त्याच सवयीनं हा भाग केलाय. ज्यांना हेडफोन लावायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना घसरलेली वाक्यं सावरून घेतलीत, बाकी आहे तसं.

कराड, वाळवा, पलूस, फलटण या पट्ट्यात राहणाऱ्यांना राख म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. ऊस हंगाम सुरू झाला की दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर सकाळी काळे कण बसलेले असतात. संध्याकाळी कुणाच्या तरी रानात तोडणी झालेली असते आणि पाचट पेटवलेलं असतं. शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो: पाचट म्हणजे उसाची वाळलेली पानं, आणि रस काढल्यावर उरतो तो चोथा म्हणजे गुऱ्हाळावरचं चिपाड. तोच कारखान्यात गेला की त्याचं नाव बगॅस. आणि आजच्या गोष्टीतला खरा नायक आहे पालाश, म्हणजे पोटॅश. खताच्या पोत्यावर तीन आकडे असतात ना, नत्र, स्फुरद, पालाश? त्यातला तिसरा. जाळल्यावर नत्र हवेत उडून जातं. पालाश मात्र बहुतेक राखेतच राहतं. त्यामुळे राख ज्या गावाला गेली, त्या गावाला पालाश गेलं. एवढं एक वाक्य लक्षात ठेवा, पुढची दीडशे वर्षं त्यावरच आहेत.

आणखी एक गोष्ट. सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले तरी १९४९ पर्यंत यातला बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता. मग दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. अधेमधे औंध, सांगली, मिरज, फलटण अशी संस्थानं होती. म्हणून जुन्या काळाबद्दल बोलताना मी दोन्ही एकत्रच धरतोय.

सुरुवात उसापासून न करता डोंगरापासून करू. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या बाजूला भात-नाचणीच्या रोपांसाठी 'राब' भाजायची पद्धत आहे. पावसाआधी तरव्याच्या जागेवर शेण, छाटलेल्या फांद्यांचा टहाळ, पालापाचोळा यांचे थर रचायचे, वर थोडी माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राख जागच्या जागी मिसळते, आणि पहिल्या पावसात पेरलेली रोपं तरारून येतात. इथे गंमत बघा. आपण आज ज्याला 'बायोमास एनर्जी' म्हणतो त्यातली एनर्जी इथे फुकट जाते, कारण शेतकऱ्याला ती नकोच असते. त्याला राख हवी असते आणि भाजलेली जमीन हवी असते.

इंग्रजांच्या वनखात्याला हे अजिबात पटत नव्हतं. १८७८ च्या वन कायद्यानंतर राबासाठी झाडं छाटायची की नाही यावरून मुंबई इलाख्यात मोठा वाद झाला. ठाणे-कुलाब्यात तो इतका पेटला की १८८० च्या दशकात सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. वनखात्याचं म्हणणं, हे अडाणी लोक जंगल जाळतात. शेतकऱ्याचं म्हणणं, राब नसेल तर रोप नाही. पुढे १८८९ मध्ये जॉन व्होल्कर नावाचे इंग्लंडचे कृषी रसायनतज्ज्ञ भारतात आले आणि १८९३ मध्ये त्यांचा अहवाल छापून आला. त्यांनी एक साधी गोष्ट मांडली: इथला शेतकरी शेणाच्या गोवऱ्या जाळतो तो मूर्ख म्हणून नाही, त्याच्याकडे सरपण नाही म्हणून. त्याला लाकूड मिळेल अशी राखीव रानं तयार करा, म्हणजे शेण शेतात जाईल. इंधन आणि खत हा एकच हिशेब आहे, हे या माणसानं सव्वाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. आपल्याकडे मात्र अजून वीज एका मंत्रालयात आणि खत दुसऱ्या.

हे 'पोटॅश' नावसुद्धा राखेतूनच आलंय. युरोपात लाकडाची राख पाण्यात कालवून, ते पाणी गाळून मोठ्या भांड्यात आटवत. भांडं म्हणजे पॉट, राख म्हणजे ॲश, झालं पोटॅश. काच, साबण, कापड धुणं, सगळ्याला ते लागायचं. अमेरिकेचं पहिलं पेटंट माहितीये कशाला मिळालं? १७९० मध्ये सॅम्युएल हॉपकिन्सला, राखेतून पोटॅश काढायच्या सुधारित पद्धतीसाठी. आणि आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी सुश्रुतसंहितेत क्षार करायची रीत दिलेली आहे: वनस्पती जाळा, राख पाण्यात कालवा, गाळा, आटवा. पद्धत तीच, फक्त उपयोग औषधासाठी. मग १८६१ मध्ये जर्मनीत स्टासफुर्टला खाणीतल्या क्षारांपासून पोटॅश करायचा कारखाना निघाला. जमिनीतून स्वस्तात मिळायला लागल्यावर राख आटवत कोण बसणार? तिथून जगभर राखेचा भाव उतरला. भारतात पोटॅशची चालू खाण नाही, त्यामुळे आपण ते बोटीनं आणतो.

आता गुऱ्हाळ. यावर जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते या सगळ्या गोष्टीत सगळ्यात हुशार यंत्रणा हीच होती.

पूर्वी लाकडी किंवा दगडी घाणा, त्याला बैल. तो उसातला सगळा रस काढू शकायचा नाही. मग लोखंडी चरक आले. आपल्या पट्ट्यात त्यात किर्लोस्करांचं नाव मोठं. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडल स्टेशनजवळच्या माळावर कारखाना हलवला, तीच किर्लोस्करवाडी, आज पलूस तालुक्यात आहे. लोखंडी नांगर तर प्रसिद्धच, पण उसाचे चरकही तिथे व्हायचे. चरकाला तेलाचं इंजिन जोडलं आणि बैल सुटले. तरीसुद्धा चरकातून शंभर किलो उसाला ढोबळमानानं पन्नास-साठ किलोच रस निघतो. बाकीचं ओलं, गोडसर चिपाड.

ते चिपाड आवारात पसरून उन्हात वाळवायचं. जमिनीत खणलेलं चुलवाण, त्यावर भलीमोठी काहील, आणि चुलवाणाच्या तोंडाशी बसून एक माणूस दिवसभर चिपाड आत सारतोय. वर गुळव्या उभा. भेंडीच्या चिकट पाण्यानं मळी वर आणून काढायची, पाक कधी उतरवायचा ते डोळ्यांनी आणि बोटांनी ठरवायचं. गुळव्याची वाहवा सगळे करतात, चुलवाणावरच्या माणसाचं नाव कुणी घेत नाही. खरा कंट्रोल सिस्टिम इंजिनिअर तोच! सुरुवातीला जाळ मोठा, पाक जवळ आला की एकदम कमी. कुठलं मीटर नाही, कुठला सेन्सर नाही. चिपाड चांगलं वाळलेलं असेल आणि चुलवाण नीट बांधलेलं असेल तर बाहेरून सरपण आणायची गरज फारशी पडत नाही. ऊस स्वतःच्याच चोथ्यावर शिजतो.

आणि राख? चुलवाण थंड झालं की ती ओढून काढायची. काही भांडी घासायला, काही कडधान्याच्या कणगीत किडीसाठी मिसळायला, काही वांग्या-दोडक्यावर माव्यासाठी फुंकायला, आणि उरलेली उकिरड्यावर. उकिरड्याचं खत शेवटी त्याच रानात. चिपाडात रस जास्त राहायचा म्हणून त्याच्या राखेत पालाशही जास्त राहायचं. म्हणजे यंत्र जितकं अडाणी तितकी राख कसदार, असला उलटा हिशेब! उसातलं उरलेलं पालाश गुळात जायचं आणि आपल्या पोटात. तेवढं रानातून जाणारच, त्याला इलाज नाही. पण जळण आणि जमीन यांच्यातलं अंतर दोन-तीन बांधांपेक्षा जास्त नव्हतं.

गुऱ्हाळाचं गोडवं गाणं मात्र इथेच थांबवतो. चुलवाणाच्या तोंडाशी बसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांचं आणि छातीचं काय व्हायचं हे कुठल्याच हिशेबात नव्हतं. काहिलीत पडून भाजल्याच्या गोष्टी त्या भागातल्या प्रत्येक घरात एकतरी असते.

मधे दुसरं महायुद्ध येऊन गेलं. पेट्रोलचं रेशनिंग झालं, तेव्हा मोटारींच्या मागे भट्टी बसवून लाकडी कोळशाच्या वायूवर गाड्या चालवल्या गेल्या. घरात कुणी नव्वदीचं माणूस असेल तर विचारून बघा. लढाई संपली, पेट्रोल आलं, भट्ट्या भंगारात गेल्या. ही विद्या पुन्हा आपल्या पट्ट्यात यायला पन्नास वर्षं लागली, त्याकडे येतोच.

१९५० मध्ये प्रवरेला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत तीच लाट कृष्णाकाठी आली. सांगलीत वसंतदादांचा शेतकरी कारखाना, रेठऱ्याला कृष्णा, पुढे साखराळ्याला राजारामबापूंचा, वाळव्याला नागनाथअण्णांचा हुतात्मा, कुंडलला जी. डी. बापूंचा क्रांती. या कारखान्यांनी काय बदललं यावर वेगळा भाग होईल, आज फक्त बॉयलरच्या मागच्या दारात उभे राहू.

कारखान्याच्या गिरण्या उसाला असं पिळतात की रसाबरोबर साखर आणि पालाश दोन्ही जवळपास निघून जातं. उरतो तो बगॅस, उसाच्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के, त्यात निम्मं पाणी. आता हिशेब करू. एक टन ऊस, तीनशे किलो बगॅस, कोरडं धरलं तर दीडशे किलो, आणि त्याची राख दोन टक्के धरली तर तीन किलो. ऐकायला चिल्लर वाटतं. पण रोज पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्यात ती रोजची पंधरा टन होते, आणि दीडशे दिवसांच्या हंगामात सव्वादोन हजार टन. उसाबरोबर आलेली माती आणि अर्धवट जळालेला कोळसा धरला तर आणखी वर.

जुन्या काळातल्या बॉयलरबद्दल एक गोष्ट वाचली तेव्हा मी हसलो होतो. ते मुद्दाम फार कार्यक्षम नसायचे! कारण सगळा बगॅस संपला पाहिजे. उरला तर ठेवायचा कुठे, त्याला आग लागते. वीज विकायची सोय नव्हती, मग बॉयलर म्हणजे वाफ करता करता कचरा संपवायचं यंत्र. पुढे वीज विकता यायला लागली आणि चित्र पालटलं. २१ किंवा ३२ किलो दाबाच्या बॉयलरच्या जागी ६७, ८७, ११० किलो दाबाचे आले, आणि तोच बगॅस एका रात्रीत सोनं झाला. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात, तसं बगॅसचं झालं. राखेचं झालं नाही. ती खड्ड्यात, पडीक जागेत, थोडी प्रेसमडबरोबर कंपोस्टमध्ये, थोडी नदीकाठच्या वीटभट्ट्यांवर. बगॅसच्या राखेत मुख्यतः सिलिका, म्हणजे वाळूचाच भाऊ. पालाश तर गिरणीतच रसाबरोबर गेलं. कुठे गेलं ते शेवटी सांगतो, तोवर धीर धरा.

आता फलटण. साताऱ्याच्या या टोकाला बायोमासवर जेवढं मूलभूत काम झालंय तेवढं अनेक मोठ्या शहरांतही झालेलं नाही, आणि आपल्यातल्या कितीतरी जणांना ते माहीतच नाही. १९६८ मध्ये बी. व्ही. निंबकरांनी तिथे निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजे 'नारी', काढली. १९८१ मध्ये आयआयटी कानपूरला शिकलेला आणि अमेरिकेत डॉक्टरेट केलेला एक इंजिनिअर तिथे येऊन राहिला: अनिल राजवंशी. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. फलटणच्या आजूबाजूला पाचट जळताना बघून त्यांनी प्रश्न विचारला, की हे असंच्या असं, गोळ्या न करता, वापरता येईल का? पाचट फार हलकं, एका ट्रॉलीत बसतं किती! गोळी करायची म्हणजे दळा, वाळवा, दाबा, सगळ्याला वीज आणि पैसा. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कुट्टी केलेलं पाचट आणि बगॅस थेट घेणारा गॅसिफायर बनवला. कमी हवेत जाळायचं, म्हणजे पूर्ण न जळता त्याचा जळाऊ वायू होतो. युद्धातल्या मोटारींची तीच विद्या. ताशी १०८० मेगाज्यूलपर्यंत उष्णता देणारं हे यंत्र त्यांनी एका कारखान्यातल्या तेलावर चालणाऱ्या भट्टीला जोडून चालवून दाखवलं. १९९७ मध्ये त्याचा शोधनिबंध आला.

त्यात मला सगळ्यात आवडलेला आकडा वेगळाच आहे. या यंत्रातून खाली राख पडत नाही, कोळशाचा चुरा पडतो, मूळ इंधनाच्या वजनाच्या सुमारे २४ टक्के! त्याला त्यांनी कचरा म्हटलं नाही, दुसरं उत्पादन म्हटलं. बाइंडर घालून त्याच्या विटा केल्या की चांगलं जळण होतं. त्याआधी १९९५ मध्ये राजवंशींनी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये मांडलं होतं, की एक तालुका स्वतःच्या शेतातल्या अवशेषांवर आपली ऊर्जेची गरज भागवू शकतो. तालुका हे एकक महत्त्वाचं. इंधन तालुक्यात जळलं तर जे उरतं तेही तालुक्यात उरतं.

त्याच काळात दुसरं काम आनंद कर्वे यांचं. ते वनस्पतिशास्त्रज्ञ, फलटणला निंबकरांच्या संस्थेतही काम केलेले. १९९६ मध्ये पुण्यात त्यांनी 'आरती' ही संस्था काढली आणि फलटणलाही केंद्र उभं केलं. त्यांची भट्टी शेतात नेता येणारी: बंद डब्यात पाचट भरायचं, बाहेरून जाळ द्यायचा, आतल्या पाचटाचा कोळसा होतो आणि निघणारा वायू त्याच भट्टीत जळतो. कोळशाची पूड करायची, खळ मिसळून कांड्या पाडायच्या, झालं बिनधुराचं जळण. २००२ मध्ये या कामाला लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. जाता जाता, आनंद कर्वे हे इरावती कर्वेंचे चिरंजीव आणि निंबकरांच्या पत्नी, लेखिका जाई निंबकर, या इरावतीबाईंच्या कन्या. म्हणजे पाचटाचं काय करायचं यावर महाराष्ट्रातलं दोन दशकांचं संशोधन एका घरातल्या जेवणाच्या टेबलावरूनही फिरलं असणार. असा माझा अंदाज, पुरावा मागू नका!

मग पेलेट. गोळी कशी होते ते पटकन सांगतो. कोरडी केलेली कुट्टी बारीक दळायची आणि जाड लोखंडी साच्याच्या भोकांतून दाबून काढायची. घर्षणानं ती तापते, वनस्पतीतलं लिग्निन मऊ होऊन डिंकासारखं चिकटतं, आणि बाहेर पडते सहा ते दहा मिलिमीटर जाडीची गोळी. मोठी मनगटाएवढी केली तर ब्रिकेट, आपल्याकडे तिला 'पांढरा कोळसा' म्हणतात. अमेरिकेत भुशाचा लाकडी तुकडा दाबून करायचं पेटंट १८८० चं आहे, पण पेलेटला खरा जोर आला तो १९७३ च्या तेलसंकटानंतर. ती सगळी दुनिया लाकडाच्या भुशावर उभी राहिली. युरोपातल्या घरगुती पेलेटच्या वरच्या दर्जात राख ०.७ टक्क्याच्या वर चालत नाही. आपल्या पाचटाची राख पाच-सात टक्के. इथेच सगळी मेख आहे.

आपल्या भागात पेलेट पहिल्यांदा घरात शिरली ती 'ऊर्जा' चुलीतून. २००६ च्या आसपास बीपी ही तेल कंपनी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून ती आणली, पुढे २००९ मध्ये हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे गेला. छोटा पंखा, चार्ज होणारी बॅटरी, वरून पेलेट भरायच्या, तासभर निळसर जाळ. महाराष्ट्र-कर्नाटकात मिळून सुमारे चार लाख चुली विकल्या गेल्या. चार लाख! स्टार्टअपवाल्यांनी ऐकावं. आणि मग बगॅस आणि बाकीचा शेतकचरा महागला. बॉयलरला तो हवा होता, त्याच्याकडे पैसे जास्त होते. पेलेटची किंमत चढत गेली, तिकडे अनुदानाचा गॅस सिलिंडर होताच. बायकांनी हिशेब केला आणि चुली माळ्यावर गेल्या. कंपनीनं मोर्चा हॉटेलांच्या, मोठ्या स्वयंपाकघरांच्या भट्ट्यांकडे वळवला. चूल वाईट नव्हती. कच्च्या मालाच्या लिलावात घरातली चूल बॉयलरपुढे हरली, एवढंच.

यानंतर आला ऑक्टोबर २०२१, आणि हा महिना माझ्यासाठी या भागाचा कळस आहे.

८ ऑक्टोबरला केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं सुधारित धोरण काढलं: कोळशाच्या वीज केंद्रांनी वर्षभरात कोळशाबरोबर पाच टक्के बायोमास पेलेट जाळायच्या, काहींनी पुढे सात टक्के. नंतर मुदती पुढे ढकलल्या, पण दिशा तीच राहिली. पाचच टक्के का? कारण राख. गवतवर्गीय पिकांच्या राखेत पालाश, क्लोरीन आणि सिलिका एकत्र असतात. पालाश आणि सिलिका मिळून सातशे-आठशे अंशांच्या आसपासच वितळायला लागतात. वितळलेली राख बॉयलरच्या नळ्यांवर काचेसारखी चिकटते, क्लोरीन धातू खातं. शेताला जे अमृत तेच बॉयलरला विष. म्हणून कोळशात चिमूटभर मिसळायचं.

चिमूटभर मिसळलं की ती राख कोळशाच्या राखेत हरवते. भारतीय कोळशात राख तीस-चाळीस टक्के, तिच्यापुढे पाचटाची राख म्हणजे समुद्रात लोटाभर. ती सिमेंटमध्ये जाते, विटांत जाते, राखेच्या तलावात जाते. शेतात परत येत नाही.

आता खिशाचं बोलू. एक हेक्टर उसाचं पाचट साडेसात ते दहा टन, त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र आणि पाऊण ते एक टक्का पालाश. दहा टनांचा एक ट्रक भरून दिला तर पंचाहत्तर ते शंभर किलो पालाश गेलं. पन्नास किलोच्या एमओपीच्या पोत्यात तीस किलो पालाश असतं. म्हणजे ट्रकमागे अडीच-तीन पोती! २०२२ च्या सुरुवातीला हेच पोतं सतराशे रुपयांवर गेलं होतं, वर्षभर आधी हजाराच्या आतबाहेर होतं. बेलारूसवर निर्बंध, मग युक्रेनचं युद्ध, आणि झळ कुंडलच्या शेतकऱ्याला. त्यामुळे तुमच्या वडिलांकडे कुणी पाचट उचलायला आलं आणि 'रान साफ करून देतो, वर पैसेही देतो' म्हणालं, तर टनाचा भाव ठरवताना या पोत्यांचे पैसे धरा. नत्राचे चाळीस-पन्नास किलो आणखी वेगळे. माझं मत विचाराल तर खोडवा ठेवायचा असेल तर पाचट सरीत कुजवणं याला तोड नाही. पेटवणं सगळ्यात वाईट. विकणं या दोन्हींच्या मधे कुठेतरी, भावावर अवलंबून.

आणि आता तो धीर धरायला सांगितलेला भाग. गिरणीत रसाबरोबर गेलेलं पालाश. साखरेच्या दाण्यात ते बसत नाही, म्हणून मळीत, म्हणजे मोलॅसिसमध्ये उतरतं. त्याचं अल्कोहोल केलं की स्पेंटवॉशमध्ये. हे काळं, वासाचं पाणी नदी-ओढ्यांना किती भोवलंय हे कृष्णाकाठच्यांना सांगायला नको. पाणी बाहेर सोडायचं नाही असे नियम कडक झाले, तेव्हा डिस्टिलऱ्यांनी ते आटवून खास बॉयलरमध्ये जाळायला सुरुवात केली. त्या बॉयलरची राख पालाशनं भरलेली! एकाच उसाच्या तीन राखा, आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा. बगॅसची वाळूसारखी, पाचटाची मधली, आणि ही तिसरी म्हणजे जवळजवळ खतच.

१२ ऑक्टोबर २०२१ ला, म्हणजे त्या पेलेटच्या धोरणानंतर चारच दिवसांनी, केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीनं रब्बीचे खत अनुदानाचे दर मंजूर केले. त्यात एक नवं नाव होतं: पीडीएम, मोलॅसिसपासून मिळवलेलं पोटॅश, १४.५ टक्के पालाश, पन्नास किलोच्या पोत्याला ७३ रुपये अनुदान. एका आठवड्यात दिल्लीतून दोन कागद निघाले. एकानं शेतातली राख कोळशात मिसळायला पाठवली, दुसऱ्यानं बॉयलरमधली राख पोत्यात भरून शेताकडे वळवली. दोन मंत्रालयं, दोन फायली. व्होल्करसाहेब असते तर चष्मा पुसला असता.

२०२४ मध्ये कारखान्यांनी खत कंपन्यांना पीडीएम विकायचा भाव टनाला ४,२६३ रुपये ठरला, अनुदान टनाला ३४५. म्हणजे कारखान्याच्या दारात एक किलो पालाश साधारण तीस रुपयांना. सतराशेच्या एमओपीत ते छप्पन-सत्तावन्नला पडतं. यात पीडीएमचं पोतं, वाहतूक, विक्रेत्याचं कमिशन वाढेल, तरी फरक बघण्यासारखा आहे. दुकानात विचाराल तेव्हा पोत्यावरचा टक्का वाचा: एमओपी ६०, पीडीएम १४.५. पोत्याला पोतं अशी तुलना केली तर फसाल.

एक सावधगिरी सांगतो. मिरज, वाळवा, पलूस भागातल्या क्षारपड, चोपण रानात राख, मग ती कुठलीही असो, अंदाजे टाकू नका. राख अल्कधर्मी असते, आणि तिच्यात क्षारही असतात. तिथे माती परीक्षण आधी, राख नंतर. डोंगरातल्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत, जिथे राब भाजतात तिथे, तीच राख मानवते. पाटणच्या म्हातारीला हे कुणी प्रयोगशाळेत दाखवलेलं नव्हतं.

पुढच्या भागात औंध संस्थान आणि किर्लोस्करवाडीचा तो माळ. तोवर एक काम करा. घरी आजी-आजोबांना विचारा, तुमच्या गावच्या गुऱ्हाळाची राख कुठे जायची, आणि उत्तराची व्हॉइस नोट पाठवा. चुलवाणाच्या तोंडाशी कोण बसायचं, त्याला तुमच्या गावात काय म्हणायचे, तेही विचारा. दर दहा कोसांवर शब्द बदलतो, आणि मला तो हवाय.